एक ओळ म्हणाला, निघाल्या पाच हजार

"सर्व्हर स्लो झालाय, मॅडम," एवढ्या एका वाक्यावर लोक मला शिरोली नाका ओलांडायला लावतात. कोणाला स्लो, कुठल्या स्क्रीनवर, आज सकाळपासून की दिवाळीपासून, एकाच टेबलावर की सगळ्या ऑफिसात, यातलं काही सांगत नाहीत. म्हणून मी आता गाडी काढायच्या आधी फोनवरच प्रश्न विचारून घेते. त्यातला पहिला नेहमी तोच: सर्व्हर राबतोय की नुसता बसलाय?

मी कोल्हापुरात डेटाबेसची, म्हणजे नोंदी साठवून हव्या तेव्हा शोधून देणाऱ्या सॉफ्टवेअरची, कामं करते. बरीच वर्षं पुण्यात एका कंपनीत ओरॅकल या डेटाबेसवर काढली, आता राजारामपुरीत घराच्याच खालच्या खोलीत ऑफिस आहे. गिऱ्हाइकं म्हणजे साखर कारखाने, पतसंस्था, दूध संस्था आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या. बहुतेकांकडं पोस्टग्रेस, काहींकडं मायएसक्यूएल, एखाद-दुसऱ्याकडं एसक्यूएल सर्व्हर. पुण्यात भिंतभर आलेख लावलेले असायचे, इथं ईडीपीतला, म्हणजे कॉम्प्युटर विभागातला, एक पोरगा आणि त्याचा फोन. खरं सांगायचं तर पोरगा बरा पडतो. गट ऑफिसात कालपासून नवीन कॉम्प्युटर बसलाय, हे आलेख सांगत नाही, पोरगा सांगतो.

राबतोय की बसलाय, हे कशासाठी विचारते? सीपीयू शंभर टक्क्यांना टेकला असेल किंवा डिस्कचा दिवा विझतच नसेल, तर कुठलीतरी क्वेरी (डेटाबेसकडं केलेली मागणी) गरजेपेक्षा कितीतरी जास्त काम करत असते. सीपीयू पाच टक्क्यांवर निवांत आणि तरी स्क्रीन फिरतेय, तर कोणीतरी कोणासाठी तरी थांबलेलं असतं. पहिल्यात मी प्लॅन बघायला बसते, म्हणजे ते काम करायची डेटाबेसनं ठरवलेली वाट, दुसऱ्यात लॉक, म्हणजे कोणी कुठली नोंद अडवून धरलीय ते. हे ठरायच्या आधी जो रॅम विकत घ्यायला निघतो, त्याचे पैसे बहुतेक वेळा वाया जातात. निघतात मात्र सगळेच, कारण रॅमचं कोटेशन एका दिवसात येतं.

मागं एका कारखान्यात बोलावलं होतं. गळीत हंगाम सुरू होऊन दहा-बारा दिवस झालेले. नाव सांगत नाही, पंचगंगेच्या काठाला आहे एवढं पुरे. ईडीपीतला पोरगा फोनवर म्हणाला, "मॅडम, काट्यावर रांग लागलीया. गाडीचं वजन झालं तरी स्लिप यायला पाच-पाच मिन्टं. ट्रॅक्टरवाले शिव्या घालाय लागलेत."

"राबतोय की बसलाय?"

"राबतोय. सगळे कोअर लाल."

"रीस्टार्ट केलं होतं?"

"रोज करतोय. तासभर पळतंय बगा, मग परत तेच."

हे शेवटचं वाक्य फार कामाचं होतं. डेटाबेस रीस्टार्ट केल्यावर खरं तर थोडा वेळ अजून सावकाश चालायला हवा, कारण मेमरीत आणलेली पानं गेलेली असतात आणि सगळं डिस्कवरून नव्यानं वाचावं लागतं. तो उलट पळत असेल, तर काहीतरी साचतंय आणि रीस्टार्टनं तो ढीग झाडला जातोय. क्वेऱ्यांचा ढीग, कनेक्शनचा ढीग, काहीतरी.

तिथं जाऊन बघितलं तर आधी तीन उपाय करून झालेले. रॅम दुप्पट केली होती. नेटवर्कचा स्विच बदलला होता. आणि "टू मेनी क्लायंट्स" असा एरर यायला लागल्यावर कनेक्शनची मर्यादा १०० वरून ५०० केली होती. पोस्टग्रेसची ही मर्यादा मुळात १०० असते. ती वाढवली की एरर थांबतो, पण आठ कोअरच्या (एका वेळी आठच कामं हाताळणाऱ्या) मशीनवर शंभराऐवजी पाचशे जण एकदम हाणामारी करायला लागतात. काट्याची हालत त्यामुळं अजून बिघडली होती.

सॉफ्टवेअर कंपनीचं म्हणणं वेगळंच. तुमचाच बॅकअप आमच्याकडं चढवला, तर तीच स्क्रीन सेकंदात येते, तेव्हा दोष तुमच्या मशीनचा. खोटं बोलत नव्हते. त्यांच्याकडं खरंच पळत होतं. का, ते पुढं सांगते.

पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी नावाचा एक व्ह्यू, म्हणजे तयार तक्ता, असतो. या क्षणाला कोण काय करतंय आणि कधीपासून करतंय, ते त्यात दिसतं. मी कुठंही गेले की आधी तोच उघडते. तिथं चालू क्वेऱ्यांची ही रांग होती आणि जवळजवळ सगळ्यांचा मजकूर एकच. त्यात काट्याची क्वेरी शोधावी लागली, इतकी ती बिचारी कोपऱ्यात. गर्दी होती ती "आजअखेर आवक" या स्क्रीनची. गटवार, उसाच्या जातीवार, हंगामात आजपर्यंत किती ऊस आला, त्या सभासदांकडून उचल आणि कपातीचं किती येणं बाकी आहे, असं सगळं एका पानावर. मुळात चेअरमनसाहेबांच्या केबिनसाठी केलेली. दर मिनिटाला आपोआप ताजी व्हायची. यंदा ती सगळ्या गट ऑफिसात दिली होती आणि एकदा उघडली की कोणी बंद करत नव्हतं.

ज्याची तक्रार येते तो बहुतेक वेळा गुन्हेगार नसतो. काट्यावरची क्वेरी एका गाडीपुरती, इवलीशी. तिला सीपीयूच मिळत नव्हता. काट्याचा प्रोग्रॅम उलगडत बसले असते तर दोन दिवस गेले असते आणि हाती काही लागलं नसतं.

मग त्या आवकेच्या क्वेरीला एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ लावलं. न वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: नुसतं एक्स्प्लेन म्हटलं की डेटाबेस क्वेरी न चालवता सांगतो की मी हे काम कसं करणार आणि प्रत्येक पायरीवर अंदाजे किती ओळी (नोंदी) येतील. अ‍ॅनालाइझ जोडलं की तो क्वेरी खरीच चालवतो आणि अंदाजाशेजारी खरे आकडे छापतो. लोक यात सगळ्यात मोठा वेळ कुठं लागला ते शोधतात. मी आधी अंदाज आणि वास्तव यांतली फूट कुठं पडलीय ते शोधते, तीही तळापासून वर. कारण खाली एकदा अंदाज चुकला की वरचे सगळे निर्णय त्या चुकीवर उभे असतात.

इथं फूट अगदी तळालाच होती. चालू हंगामाच्या स्लिपा: अंदाज १ ओळ. खऱ्या ओळी: पाच हजारांच्या वर.

एकच ओळ येणार म्हटल्यावर डेटाबेसनं सरळ विचार केला. ती एक स्लिप घ्यायची, कपातीचं टेबल एकदा वरपासून खालपर्यंत वाचायचं, जुळेल ते उचलायचं, संपलं. याला नेस्टेड लूप म्हणतात आणि एका ओळीसाठी तो उत्तमच. कपातीच्या टेबलात साधारण साठ हजार ओळी, सभासद क्रमांकावर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधसूची) नाही, एकदा वाचायला सहा मिलिसेकंद. पण स्लिपा पाच हजार निघाल्या. म्हणजे ते टेबल पाच हजार वेळा वाचलं गेलं. सहा मिलिसेकंद गुणिले पाच हजार, तीस सेकंद.

यात एक फसवी जागा आहे. पोस्टग्रेस तिथं "६ मिलिसेकंद" असंच छापतो, कारण तो आकडा एका फेरीचा असतो. शेजारी "लूप्स" म्हणून फेऱ्यांची संख्या असते आणि गुणाकार आपण करायचा असतो. ईडीपीतल्या पोरानं हा प्लॅन आधी काढून बघितला होता, हे मला फार आवडलं. पण सहा मिलिसेकंद बघून तो पुढं गेला होता.

आता दिवसांचा हिशेब लावा. पहिल्या दिवशी तीनशे गाड्या, म्हणजे दोन सेकंद. कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढं रोजच्या चार-पाचशे गाड्या भरत जातात आणि क्वेरी रोज तीन सेकंदांनी वाढत जाते. तीस सेकंदांपर्यंतही लोक चहा पीत सहन करतात. पण बऱ्याच गट ऑफिसांतून दर मिनिटाला तीच स्क्रीन मागवली जातेय आणि कोअर आठच. आधीची मागणी पुरी व्हायच्या आत पुढची येऊन बसते. तिथून पुढं वेळ रोज तीन सेकंदांनी वाढत नाही, एका सकाळीच सगळं आडवं होतं. "काल संध्याकाळपर्यंत ठीक होतं हो" असं जे लोक शपथेवर सांगतात, ते खरंच सांगत असतात. रीस्टार्टनंतरचा बरा तासही यातूनच येत होता: सकाळी सगळ्या स्क्रीन परत उघडून ढीग साचायला तेवढा वेळ लागायचा.

राहिला प्रश्न, एक ओळ का म्हणाला?

डेटाबेस प्रत्येक क्वेरीसाठी टेबल मोजत बसत नाही. तो मधून मधून टेबलातला नमुना उचलतो आणि त्यावरून टिपण करून ठेवतो: या कॉलममध्ये कुठली मूल्यं सगळ्यात जास्त वेळा येतात, साधारण किती टक्के, वेगवेगळी मूल्यं किती. याला स्टॅटिस्टिक्स म्हणतात, आणि हे टिपण नवीन करण्याची कमांड (वर एक्स्प्लेनला जोडलेल्या शब्दाहून वेगळी) म्हणजे अ‍ॅनालाइझ. पोस्टग्रेस हे आपोआप करतो, पण कधी? मूळ सेटिंगप्रमाणे, टेबलातल्या ओळींच्या १० टक्के अधिक ५० एवढे बदल झाल्यावर. स्लिपांच्या टेबलात जुने सगळे हंगाम मिळून धरा नऊ लाख ओळी. दहा टक्के म्हणजे नव्वद हजार. प्रत्येक गाडीचे दोन बदल: भरलेल्या वजनाला ओळ घातली, रिकाम्या वजनाला ती दुरुस्त केली. दिवसाला हजार बदल. म्हणजे पहिलं आपोआप अ‍ॅनालाइझ व्हायला नव्वद दिवस. ऊस संपत आला तरी डेटाबेसच्या टिपणात यंदाचा हंगाम अवतरलेलाच नाही.

टिपणात गेल्या वर्षीपर्यंतचे सगळे हंगाम होते, प्रत्येकाची टक्केवारी होती आणि त्यांची बेरीज शंभर भरत होती. मग यंदाच्या हंगामाला उरलं काय? शून्य. पोस्टग्रेस शून्याचा अंदाज सांगत नाही, कमीत कमी एक म्हणतो. म्हणून एक.

आणि सॉफ्टवेअर कंपनीकडं का पळत होतं, तेही इथंच आहे. बॅकअप नव्यानं चढवला की डेटाबेसच्या दृष्टीनं त्या टेबलात नऊ लाख नवे बदल झाले. थोड्याच वेळात आपोआप अ‍ॅनालाइझ चालतं आणि टिपण ताजं होतं. डेटा तोच, क्वेरी तीच, टिपण वेगळं. "आमच्याकडं येत नाही हो हा प्रॉब्लेम" असं कोणी म्हटलं की मी दोन्हीकडचे प्लॅन शेजारी शेजारी मागते.

अ‍ॅनालाइझ चालवायला काही सेकंद लागले. चालू असलेल्या क्वेऱ्या आपला जुना प्लॅन सोडत नाहीत, म्हणून त्या रद्द केल्या. नव्या आल्या त्या हॅश जॉइन घेऊन: कपातीचं टेबल एकदाच वाचायचं, मेमरीत मांडायचं आणि पाच हजार स्लिपा त्यावर पडताळायच्या. स्क्रीन सेकंदाच्या आत. मग सभासद क्रमांकावर इंडेक्स घातला, कनेक्शन परत १०० वर आणली आणि त्या एका टेबलापुरता नियम बदलला: टक्केवारी शून्य, हजार बदल झाले की अ‍ॅनालाइझ. आता ते रोज होतं. पुढच्या हंगामात त्या कारणासाठी फोन आला नाही. दुसऱ्या कारणांसाठी आला.

ही गोष्ट साखर कारखान्यापुरती नाही. आर्थिक वर्ष, शैक्षणिक वर्ष, जिथं जिथं "चालू वर्ष" नावाचा कॉलम आहे आणि मागं ढीगभर जुनी वर्षं आहेत, तिथं एक एप्रिलनंतर हे घडायला जागा आहे. ओरॅकलवर मी हेच वेगळ्या कपड्यांत पाहिलंय.

थोडं मागं जाते, कारण हा अंदाजाचा प्रकार आला कुठून ते माहीत असलं की राग कमी येतो. १९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलचा शोधनिबंध लिहिला. त्यातली मोठी गोष्ट अशी की माहिती आत कशी ठेवलीय हे वापरणाऱ्याला माहीत असायची गरज पडू नये. काय हवं ते सांगा, कसं आणायचं ते यंत्र बघेल. बोलायला सोपं. ते "कसं" ठरवायची पद्धत १९७९ मध्ये पॅट्रिशिया सेलिंजर आणि आयबीएममधल्याच सहकाऱ्यांनी सिस्टिम आर या प्रयोगात मांडली: प्रत्येक वाटेचा खर्च आकड्यात काढायचा आणि स्वस्त वाट घ्यायची. खर्च काढायला ओळींचा अंदाज लागतो. काहीच माहिती नसेल तर त्यांनी सरळ ठोकताळे धरले होते, अमुक बरोबर तमुक अशी अट असेल तर दहातली एक ओळ येईल असं समजा. आणि दोन अटी असतील तर त्या एकमेकींशी संबंध नसलेल्या आहेत असं धरून गुणाकार करा.

तो गुणाकार आजही चालू आहे आणि आमच्या जिल्ह्यात रोज चुकतो. तालुका करवीर आणि गाव वडणगे, अशी अट घाला. समजा नोंदींपैकी वीस टक्के करवीरच्या आणि दोन टक्के वडणग्याच्या. डेटाबेस गुणाकार करून म्हणतो ०.४ टक्के. अहो, वडणगे करवीरमध्येच आहे! दोन टक्केच येणार. पाचपट चूक. एका टेबलात पाचपट खपून जाते, पण त्यावर तीन-चार जॉइन (टेबलांच्या जोडण्या) चढले की ती चूक वाढत वर जाते आणि माथ्यावर परत तेच, एक ओळ म्हणाला आणि हजारो आल्या. पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून "क्रिएट स्टॅटिस्टिक्स" म्हणून सोय आहे. हे दोन कॉलम एकमेकांत गुंतलेत, एवढं सांगून अ‍ॅनालाइझ चालवायचं. गाव-तालुका, गट-गाव, उसाची जात-लागणीचा हंगाम. ही जोडी शेतीखात्यातल्या माणसाला विचारली की तो लगेच सांगतो, डेटाबेसला आपोआप कधीच कळत नाही. मला या कामात सर्वांत जास्त उपयोग याच माणसांचा झालाय.

आणि पाटील. कोल्हापुरात सभासदांच्या यादीत आडनावावर इंडेक्स घालायचा आणि पाटील शोधायचं, म्हणजे बघायलाच नको. यादीचा एवढा मोठा भाग पाटलांचा असतो की इंडेक्समधून एकेक पान उलटत जाण्यापेक्षा अख्खं टेबल वाचणं स्वस्त. शहाणा डेटाबेस तसंच करतो, आणि मग मला फोन येतो की इंडेक्स असून वापरत नाही. वापरत नाही ते बरोबरच आहे. तोच इंडेक्स एखाद्या दुर्मिळ आडनावाला डोळे मिटून वापरेल. गडबड होते ती एसक्यूएल सर्व्हरवर, जेव्हा पहिल्यांदा आलेल्या आडनावासाठी प्लॅन तयार होतो आणि तोच जपून पुढच्या सगळ्यांना वापरला जातो. सकाळी पहिल्यांदा दुर्मिळ आडनाव आलं तर पाटलांचा शोध दिवसभर रडतो. याला पॅरामीटर स्निफिंग म्हणतात. "काही दिवस बरा चालतो, काही दिवस नाही, आम्ही तर काहीच बदललं नाही" अशी तक्रार आली की मी हे आधी तपासते. २०१६ च्या आवृत्तीपासून क्वेरी स्टोअर आहे, त्यात एकाच क्वेरीचे दोन प्लॅन समोरासमोर दिसतात. पोस्टग्रेसमध्ये याचा एक चुलतभाऊ आहे: प्रिपेअर केलेली (साचा आधी देऊन मूल्यं नंतर भरलेली) क्वेरी पाच वेळा चालल्यावर, सर्वसाधारण प्लॅन स्वस्त वाटला तर तो घेतो. पाच वेळा पळते आणि सहाव्यांदा बसते, असं दिसलं तर तिथं बघा.

आता बसलेला सर्व्हर. एका पतसंस्थेत भर दुपारी सगळी काउंटरं ठप्प. सीपीयू तीन टक्के, डिस्क शांत. हा दुसरा प्रकार. पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटीत एक सोडून सगळे लॉकसाठी थांबलेले आणि तो एक "आयडल इन ट्रान्झॅक्शन", म्हणजे ट्रान्झॅक्शन (एकदम पक्का किंवा एकदम रद्द होणारा बदलांचा गठ्ठा) उघडून ठेवलंय आणि काहीच करत नाही. पीजी-ब्लॉकिंग-पिड्स हे फंक्शन कोण कोणाला अडवतंय ते थेट सांगतं. त्यानंही तिकडंच बोट दाखवलं. त्या मशीनजवळ गेले तर स्क्रीनवर "पावती सेव्ह करायची? होय / नाही" आणि कॅशियर डबा खायला गेलेले.

एका काउंटरपायी सगळी शाखा का अडावी? कारण पावती क्रमांक. पावत्यांचे क्रमांक सलग हवेत, मध्ये एकही गाळायचा नाही, असं ऑडिटर बजावतात. डेटाबेसचा सिक्वेन्स (आपोआप पुढचा नंबर देणारी सोय) हे वचन देत नाही. ट्रान्झॅक्शन फिसकटलं की घेतलेला नंबर वाया जातो. म्हणून प्रोग्रॅम करणाऱ्यानं एका टेबलात एकच ओळ ठेवली होती, शेवटचा क्रमांक. प्रत्येक काउंटर त्या ओळीला लॉक लावून एक वाढवणार आणि पावती पक्की होईपर्यंत लॉक धरून ठेवणार. पद्धत चूक नाही, जागा चूक. तो नंबर फॉर्म उघडताच घेतला जात होता. माणूस विचार करेल, पैसे मोजेल, डबा खाईल, तोवर ओळ अडकलेली. उपाय एवढाच की "होय" दाबल्यावर बाकी सगळं लिहून झालं की अगदी शेवटी नंबर घ्यायचा आणि लगेच कमिट, म्हणजे पक्कं, करायचं. प्रोग्रॅम बदलून येईपर्यंत निष्क्रिय ट्रान्झॅक्शन दोन मिनिटांत आपोआप तोडायचं सेटिंग लावून दिलं. कॅशियरनी तक्रार केली की जेवून आल्यावर एरर येतो. येऊ दे म्हटलं.

अशा उघड्या ट्रान्झॅक्शनचा अजून एक त्रास आहे, तो उशिरा दिसतो. पोस्टग्रेस ओळ बदलताना जुनी प्रत लगेच पुसत नाही, व्हॅक्यूम नंतर येऊन झाडतो. पण एखादं जुनं ट्रान्झॅक्शन उघडं असेल तर त्याला ती प्रत अजून दिसायला हवी, म्हणून व्हॅक्यूम हात लावत नाही. रात्रभर कोणी स्क्रीन उघडी टाकून गेलं, की सकाळी वारंवार बदलणारी छोटी टेबलं फुगलेली.

बाकीचे नेहमीचे प्रकार पटकन सांगते. तारखेच्या कॉलमवर फंक्शन लावून "महिना बरोबर नोव्हेंबर" असं लिहिलं की त्या तारखेचा साधा इंडेक्स कामाला येत नाही. "एक नोव्हेंबरपासून एक डिसेंबरच्या आधीपर्यंत" असं लिहा. मायएसक्यूएलमध्ये सभासद क्रमांक मजकूर म्हणून साठवलाय, सुरुवातीच्या शून्यांसकट, आणि शोधताना आकडा दिला, तर इंडेक्स गेला. अवतरण चिन्ह घातलं की आला. आणि रॅम घेतलीच असेल तर ती वापरायला तरी सांगा. पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्स (डेटासाठी राखलेली मेमरी) मुळात १२८ एमबी असतात, मायएसक्यूएलचा इनोडीबी बफर पूलही १२८ एमबीच. बत्तीस जीबीची मशीन आणि हे दोन आकडे जसेच्या तसे, असं मी फार ठिकाणी बघितलंय. वरच्या कारखान्यात दुप्पट केलेल्या रॅमचंही तेच झालं होतं.

दूध संस्थेतला एक प्रकार मात्र थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण तो स्लो क्वेरीच्या यादीत कधीच सापडत नाही. दहा दिवसांचं बिल काढताना प्रोग्रॅम एकेका सभासदाचं एकेक वेळचं दूध वेगळ्या क्वेरीनं आणत होता. सकाळ-संध्याकाळ धरून वीस वेळा, गुणिले नऊशे सभासद, अठरा हजार क्वेऱ्या. प्रत्येक दोन मिलिसेकंदांची, अगदी निर्दोष. मायएसक्यूएलचा स्लो लॉग मुळात दहा सेकंदांच्या वरचं टिपतो, त्याला यातलं काय दिसणार? अशा वेळी पोस्टग्रेसच्या पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्ससारखी, कुठली क्वेरी किती वेळा चालली आणि किती वेळ खाल्ला याची यादी काढायची आणि ती सरासरी वेळेवर न लावता एकूण वेळेवर लावायची. माथ्यावर येते ती तीच, दोन मिलिसेकंदवाली.

कारखान्याच्या त्या आवकेच्या स्क्रीनवर आमचं अजून काम चालू आहे. मुळात आजअखेरची बेरीज दर मिनिटाला पहिल्या स्लिपेपासून का करायची? बिल निघालेला पंधरवडा बदलत नाही, त्याच्या बेरजा एकदा काढून वेगळ्या टेबलात ठेवायच्या आणि फक्त चालू पंधरवडा ताजा मोजायचा, असा माझा प्रस्ताव आहे. म्हणजे हंगाम कितीही लांबला तरी सात-साडेसात हजार स्लिपांच्या वर मोजायलाच लागणार नाही. शेती अधिकाऱ्यांना पटलंय. ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचा नियम असल्यामुळं पंधरवड्याचं बिल त्यांच्याकडून वेळेवर निघतंही. अडलंय अकाउंटला. बिल निघाल्यावर मागच्या तारखेच्या स्लिपेवरचं नाव दुरुस्त करायची सवय त्यांनाच आहे, आणि ती दुरुस्ती बेरजेच्या टेबलात कोणी पोचवायची यावर गाडं थांबलंय. मी म्हटलंय की दुरुस्ती मागच्या तारखेला करायचीच नाही, चालू पंधरवड्यात उलट नोंद टाकायची. पुढच्या आठवड्यात त्यांच्याबरोबर बसायचं आहे.